सत्तेचाळिसाव्या वर्षी जिप्सी घ्यायची म्हणते, घरचे हसतात

प्रश्न थोडक्यात: वय ४७, नागपुरात शाळेवर शिक्षिका, घर मानेवाड्याकडे. नवरा नोकरीत, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. घरी एक हॅचबॅक आहे. वडील तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम होते, ठेकेदाराची जुनी एमएम ५४० जीप त्यांच्याकडे असायची आणि ताई उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच जीपवर गाडी शिकल्या. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. उमरेडच्या पुढे भिवापूर रोडला माहेरची शेती आहे, त्यातलं ३ एकर वावर ताईंच्या नावावर झालं. डांबरीपासून वावरापर्यंत दीड किलोमीटर पांदण, पावसाळ्यात हॅचबॅक जात नाही. हातात स्वतःच्या एफडीचे ४ लाख आहेत. दोन जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या, पाहून ठेवल्या, एक २००६ ची मारुती जिप्सी, नागपूर पासिंग, कापडी टपाची, एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, सव्वातीन लाख सांगतात. दुसरी २०१३ ची थार, डिझेल, दिल्ली पासिंग, पावणेपाच लाख सांगतात पण कमी करतील. नवरा म्हणतो भंगारात पैसे घालू नको, त्यापेक्षा नव्या गाडीचं डाऊन पेमेंट कर, आणि रात्री उमरेड रोडवर बंद पडली तर काय करशील. मुलगा म्हणतो आई आता रील बनवणार. ताई विचारतात, हा वेडेपणा आहे का, आणि गरज आहे हे घरच्यांना कसं पटवून देऊ?

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली साडेतीन पानं तुम्ही गाडी लागते कशाला हे सांगण्यात घालवली. पांदण, चिखल, खताच्या गोण्या, सोयाबीनच्या सोंगणीला मजुरांचं पाणी आणि डबे, सगळं. आणि शेवटच्या अर्ध्या पानात, बहुतेक हात दुखायला लागल्यावर, एक ओळ लिहिली की बाबांच्या जीपचा छोटा गिअर, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा, पडला की जो आवाज यायचा तो अजून कानात आहे. मी साडेतीन पानं एकदा वाचली आणि ती ओळ तीनदा.

म्हणून आधी गरजेचं पाहून टाकू, कारण तिथं तुम्ही हरणार आहात. तुम्हीच लिहिलंय की महिन्यातून दोनदा वावरात जाता. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे आठ-नऊ फेऱ्या, त्यातल्या चार-पाच वेळा पांदण खरंच बंद असेल. त्या चार-पाच दिवसांसाठी भावाची मोटरसायकल आहे, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहे, आणि काहीच नसलं तर डांबरीवर गाडी लावून चप्पल हातात घेऊन दीड किलोमीटर चालणं आहे, आपण सगळे लहानपणी तेच करत होतो. हा हिशोब तुमच्या नवऱ्यानं केलेलाच असणार. त्यांच्यापुढे तुम्ही गरज गरज करत राहिल्या तर ते कागद-पेन घेऊन बसतील आणि वर म्हणतील की पाहा, मी सांगितलं होतं.

मग गरज नाही तर नाही. सरळ सांगा की मला हौस आहे. हे सांगायला आपल्याकडच्या बायांना इतकं जड का जातं कोणास ठाऊक, घरात मोठा टीव्ही येतो तेव्हा त्याची गरज कोणी सिद्ध करत नाही, पोट्ट्यांच्या गेमिंगच्या लॅपटॉपची तर नाहीच नाही. पैसे तुमचे, एफडी तुमची, कर्ज काढत नाही, कोणाच्या फीचे पैसे वळवत नाही. एवढं असल्यावर हौस हे कारण पुरतं. फक्त, हौसेला मोल नाही अशी म्हण आहे ना, ती मला कधीच पटली नाही. मोल असतं, आणि ते आधी माहीत असलं तरच हौस वर्षभराच्या पुढं टिकते. त्याच्यावर खाली येतो.

पण त्याच्या आधी अजून एक प्रश्न, आणि याचं उत्तर मला देऊ नका, स्वतःलाच द्या. तुम्हाला फोर बाय फोर पाहिजे की बाबांची जीप पाहिजे? कारण बाबांची जीप कोणत्याच डीलरकडे मिळणार नाही. त्यात फडावरचा तेंदूपत्त्याचा वास होता, बाजूच्या सीटवर बाबा होते, तुम्ही सतरा-अठरा वर्षांच्या होत्या आणि तुमची कंबर दुखत नव्हती. तुम्ही पाहिलेल्या जिप्सीत बसल्यावर यातलं काही नसेल. असेल ते एक उंच, कडक, आवाज करणारं, साधं मशीन. ते मशीन त्याच्या स्वतःच्या गुणावर आवडत असेल तर घ्या, आठवणीसाठी घेत असाल तर दोन महिन्यांत अंगणात ताडपत्रीखाली जाईल.

हे तपासायला एक स्वस्त उपाय आहे. उमरेड-कऱ्हांडला तुमच्या माहेरच्या रस्त्यावरच आहे, तिथं सफारीला बऱ्याच जिप्सीच असतात. एक सकाळची फेरी करा, वाघासाठी नाही, गाडीसाठी. तीन-साडेतीन तास मागच्या सीटवर गड्डे खा. उतरल्यावर कंबर काय म्हणते, आणि तरीही ड्रायव्हरच्या हातातल्या लिव्हरकडेच लक्ष जात होतं का, एवढं पाहा. लक्ष तिकडंच जात असलं तर पुढचं वाचा.

आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतो ते कळेल. २०१७ मध्ये मी एक जुनी जीप घेतली, एमएम ५४० च, तुमच्या बाबांकडे होती तीच जात, प्यूजोच्या डिझेल इंजिनवाली. विकणाऱ्यानं फोर बाय फोरचा लिव्हर टाकून दाखवला, छोटा गिअर टाकून दाखवला, तो गुरगुरण्याचा आवाज आला आणि मी तिथंच विरघळलो. बयाणा दिला. जुलैमध्ये कळमेश्वरकडे एका मित्राच्या संत्र्याच्या बागेत घेऊन गेलो, मोठ्या ऐटीत, लिव्हर टाकला आणि चिखलात घातली. मागची चाकं जागेवर फिरतात, गाडी हलत नाही, पुढची चाकं मेल्यासारखी. अर्धा तास मी गिअर बदलून बदलून पाहिले. शेवटी ट्रॅक्टरवाला आला, टोचन लावायला खाली वाकला, तसाच वाकून राहिला आणि म्हणाला, "भाऊ, याचा पुढचा शाफ्ट कुठी गेला?"

पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्टच काढून ठेवलेला होता. कधीतरी त्याचा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, तुटला असेल, दुरुस्तीचे पैसे वाचवायला कोणीतरी शाफ्ट खोलला आणि गाडी तशीच फोर बाय टू, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, वर्षानुवर्षं चालत राहिली. लिव्हर पडत होता, आवाज येत होता, छोटा गिअर मागच्या चाकांना लागत पण होता. आवाजावर भुललेल्या माणसाला अजून काय पाहिजे. शाफ्ट, क्रॉस आणि मजुरी धरून ११ हजार गेले, आणि बायकोनं त्यानंतर एक वर्ष कोणत्याही खरेदीच्या वेळी "शाफ्ट पाहिला का" असं विचारलं, भाजी घेताना सुद्धा.

तरीही ती जीप पाच वर्षं ठेवली, आणि का ते सांगतो, कारण तुम्हाला घरी नेमकं हेच सांगता येत नाहीये.

बागेच्या मागच्या बाजूला एक नाला आहे, कोरडा, उतार अंगावर येईल असा. ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, छोटा गिअर आणि वर पहिला गिअर टाकायचा, आणि दोन्ही पाय वर उचलून घ्यायचे, ब्रेकवर नाही, अॅक्सिलरेटरवर नाही. गाडी इंजिनच्या जोरावर स्वतःला धरून धरून खाली उतरते, माणसाच्या चालीपेक्षा हळू. इतकी हळू की टायरखाली एक एक गोटा सरकल्याचा आवाज वेगळा ऐकू येतो, बोरीच्या काट्या पत्र्याला करकर घासतात आणि तुम्हाला काहीच वाटत नाही, कारण त्या पत्र्याला आधीच चाळीस ओरखडे आहेत. हीच ती मजा आहे ताई. नव्या गाडीला बोरीची काटी लागली असती तर आठ दिवस जेवण गोड लागलं नसतं. जुन्या गाडीत आपण गाडीला जपत नाही, रस्त्याकडे पाहतो. बारा-पंधरा लाखांची नवी फोर बाय फोर घेतलेले माझ्या ओळखीचे दोन जण आहेत, दोघांनीही ती अजून चिखलात घातलेली नाही, एकानं तर सीटवरचं प्लास्टिक काढलं नव्हतं.

दुसरी मजा म्हणजे सगळं उघडं असतं. बोनेट उचललं की इंजिन कुठं, रेडिएटर कुठं, बॅटरी कुठं, समोर दिसतं, हात आत जातो. मी आयुष्यभर ऑफिसात कागद सरकवले, पन्नाशीनंतर पहिल्यांदा स्वतःच्या हातानं फॅनबेल्ट बदलला तेव्हा तो जुना बेल्ट दोन दिवस टेबलावर ठेवला होता. आणि तिसरी म्हणजे वेग. या गाड्या ६० च्या वर गेल्या की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आपोआप ४५-५० वर चालतात, आणि त्या वेगात उमरेड रोडवरची मिरची वाळत घातलेली दिसते. समृद्धीवर १२० नं जाणाऱ्याला ती दिसत नाही. अर्थात मे महिन्यात ४५ डिग्रीला कापडी टपाखाली काय दिसतं तेही सांगायला पाहिजे, काहीच दिसत नाही, डोळ्यापुढं काजवे दिसतात. एप्रिल ते जून सकाळी नऊच्या आत पोचायचं नाहीतर घरी बसायचं.

आता ज्या गोष्टी तुम्ही धरून चालल्या आहात त्यातल्या दोन-तीन मला मोडायच्या आहेत.

पहिली, की फोर बाय फोर असली म्हणजे पांदण सुटली. आपली काळी माती वेगळी आहे. पाणी पिऊन फुगते, आणि चार-पाच चक्करमध्ये टायरच्या खाचा भरून टाकते. मग टायर कितीही भारी असो, त्याची गुळगुळीत मडकी होतात आणि चारही चाकं सारखीच घसरतात. झड लागली असेल तर तुमच्या पांदणीत जिप्सी पण हात टेकणार, थार तर लवकर टेकेल कारण ती दीड टनाच्या वर जाते आणि जिप्सी जेमतेम टनभर. काळ्या मातीत वजन हाच शत्रू. पाऊस थांबून एक दिवसाचं ऊन पडू दिलं की मग खरी मजा, हॅचबॅक अजून तीन दिवस जाणार नसते आणि तुम्ही आरामात जाता. टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरून चालतो, डांबरीवर परत आलं की पंपानं भरायची, बॅटरीवर चालणारा छोटा पंप दोन-अडीच हजारात मिळतो. आणि नाल्याला पूर असेल तर गाडी कोणतीही असो, उतरायचं नाही. दरवर्षी विदर्भात कोणीतरी "निघून जाईल" म्हणून घालतो.

दुसरी, की चारही चाकांना ताकद म्हणजे जास्त सुरक्षित. निघायला मदत होते, थांबायला शून्य मदत होते. ब्रेक तेवढेच, उलट उंच गाडी वळणावर लवकर कलंडते. आणि डांबरीवर फोर बाय फोर टाकून फिरू नका. वळताना चारही चाकांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं, डाव्या-उजव्या चाकाचा हिशोब डिफ्रन्शियल मिटवतो, पण पुढच्या-मागच्याचा मिटवणारं या जुन्या गाड्यांत काही नसतं. मातीत चाक थोडं घसरून हिशोब पूर्ण करतं, कोरड्या डांबरीवर घसरू शकत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर बसतो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो, आणि एखाद्या दिवशी क्रॉस तुटतो. मग कोणीतरी शाफ्ट खोलून ठेवतो, आणि मग माझ्यासारखा कोणीतरी ती गाडी घेतो.

बऱ्याच जिप्सींच्या पुढच्या चाकांच्या मधोमध हब असतात, ते हातानं फिरवून लॉक करावे लागतात, नाहीतर लिव्हर टाकूनही पुढची चाकं फिरणार नाहीत. हे चिखलात जायच्या आधी करायचं, नंतर गुडघाभर चिखलात उतरून करावं लागतं, साडी असो की ट्राउझर.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली, "मी बाई आहे म्हणून मेकॅनिक मला फसवणार." अहो, तो मला पण फसवतो, पुरुष असण्याचा मला एका रुपयाचा फायदा झाला नाही. फसवणूक कमी करायचा एकच उपाय मला सापडला, बदललेला जुना पार्ट हातात मागून घ्यायचा. पार्ट द्यायला का-कू केली की गॅरेज बदलायचं. नागपूरजवळच्या वाडी गावाकडे ट्रकची जी कामं करतात त्यांच्यातले म्हातारे मिस्त्री या गाड्या डोळे मिटून खोलतात, आणि शाळेतल्या बाई गाडीबद्दल विचारतात म्हटल्यावर ते शिकवायला बसतात, वर चहा पाजतात.

तर तुमच्या दोन गाड्या.

थार चांगली गाडी आहे. २०१० ला आली तेव्हापासूनची ती जुनी थार, अडीच लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन, १०५ हॉर्सपॉवर, ताकदीला कमी नाही. पण दिल्लीची का स्वस्त मिळते हे समजून घ्या. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी आली तेव्हापासून त्या ट्रक भरभरून इकडं येतात. तुम्हाला सांगितलेला भाव हा गाडीचा आहे, नागपूरच्या नंबरचा नाही. तिथल्या आरटीओची एनओसी, इथं परत रजिस्ट्रेशन, महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत, एजंट, आणि तेवढ्यात गेलेले तीन-चार महिने. पावणेपाचची गाडी तुमच्या ४ लाखांत कितीही घासाघीस केली तरी बसत नाही. डीलर म्हणेल कागद आम्ही करून देतो. देतात पण, मी देणारे पाहिले आहेत, आणि दोन वर्षं दिल्लीच्याच नंबरवर फिरणारे पण पाहिले आहेत, चौकात पोलीस दिसला की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. इथली नागपूर पासिंगची थार मिळाली असती तर मी तिच्याच बाजूनं बोललो असतो, एसी आहे म्हणून.

जिप्सीकडे माझा कल आहे. हलकी, साधी, पेट्रोल, १३०० सीसीचं इंजिन. कंपनीनं २०१९ मध्ये बनवणं बंद केलं पण कामाचे पार्ट मिळतात, फौजेत आणि जंगल सफारीत इतक्या वर्षं चालल्या आहेत की मिस्त्री पण मिळतात. पण सव्वातीन सांगतोय त्याला आधी आरसी मागा. २००६ ची गाडी, १५ वर्षं २०२१ ला संपली, तेव्हा नूतनीकरण केलं असेल तर पुढची ५ वर्षं २०२६ ला संपतात. म्हणजे तो तुम्हाला गाडी विकतोय का गाडीसोबत आरटीओची चक्कर विकतोय, हे पाहा. २० वर्षांच्या वरच्या चारचाकीला नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून १० हजार झाली आहे, त्याच्यावर पर्यावरण कर, फिटनेससाठी जे काही काम निघेल ते, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यामुळे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. हे सगळं त्यानं करून द्यावं आणि मग भाव बोलावा, किंवा तुम्ही कराल तर तेवढे पैसे खाली आणावे. माझ्या मते गाडी आणि कागद मिळून ३ लाखांच्या वर जाऊ नका. ७० हजार बाजूला ठेवा, ते पहिल्या सहा महिन्यांत जाणारच, पाच टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेक, पेट्रोलचे रबरी पाइप, आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि वीस वर्षांपूर्वीचं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नाही. उरलेल्या ३० हजारांना हात लावू नका.

चालवायचा खर्च म्हणाल तर लिटरला १० किलोमीटर धरा, जास्त सांगेल तो विकणारा असेल. तुमची जाऊन-येऊन फेरी १३० किलोमीटरची, पेट्रोल १०५ धरलं तर तेराशे-चौदाशे रुपये. महिन्यातून दोनदा म्हणजे पावणेतीन हजार. वर्षाला इन्शुरन्स आणि गॅरेजचे वीसेक हजार. हेच ते मोल, नवऱ्यापुढं हा आकडा ठेवा, पांदणीची गोष्ट सांगू नका. आणि ट्रान्स्फर झाल्यावर १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स आपल्या नावावर करायला टाका. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्याचा असतो.

पाहायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि आधी फोन करून सांगा की सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा, गरम असलं तर काहीतरी लपवतो आहे. थंड इंजिन सेल्फ मारल्यावर कसं उठतं, धूर कोणत्या रंगाचा, ते तेव्हाच कळतं. चेसिस नंबर आरसीशी जुळवा, आणि एम-परिवहन या सरकारी अॅपवर पाहा की कर्जाची नोंद तर राहिली नाही. पायाखालचं मॅट उचला, कापडी टपाच्या गाडीत पाणी आत येतंच, फरशीचा पत्रा आणि मागच्या कमानी चेसिसला जिथं टांगल्या असतात तिथं गंज पाहा. नवीन काळा रंग मारलेला असला तर अजून जास्त पाहा. फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात न्या, जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, खाचा कितीही खोल दिसो, तो म्हातारा आहे. मीटरवरच्या किलोमीटरकडे पाहूच नका.

आणि मग ओली नाहीतर भुसभुशीत माती शोधा, रिकामा प्लॉट चालेल. हब लॉक, फोर बाय फोर, छोटा गिअर, पहिला, आणि तुम्ही स्वतः चालवा. दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करा आणि पुढची चाकं माती मागं फेकतात का ते पाहायला सांगा. आवाजावर जाऊ नका. तुम्ही तर अजिबात जाऊ नका.

दुसऱ्या माणसाचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलं की नवरा हसतो. मी पत्रात शोधलं, त्यात हसणं मला सापडलं नाही. "भंगार" म्हणाले, हव, पण त्याच्या पुढचं वाक्य "रात्री उमरेड रोडवर बंद पडली तर काय करशील" हे आहे. हा टोमणा नाही, भीती आहे, आणि बरोबर आहे. तिला उत्तर द्या. पहिले सहा महिने अंधार पडायच्या आत परत यायचं, एकटीनं पांदणीत घालायची नाही, गाडीत टोचनचा पट्टा, फावडं, स्टेपनी आणि जॅक ठेवायचा, आणि चाक बदलायला शिकायचं, घरीच, त्यांच्यासमोर, एकदा घड्याळ लावून. मला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली होती. त्या रस्त्यावर जंगल लागून आहे, संध्याकाळी नीलगाय आणि डुक्कर आडवे येतात, तेव्हा हा नियम नवऱ्यासाठी नाही, तुमच्यासाठीच आहे. आणि डीलरकडे त्यांनाच न्या. विरोध करणारा माणूस गाडी जितकी बारकाईनं पाहतो तितकी प्रेमात पडलेला पाहत नाही. माझ्यासोबत माझी बायको आली असती तर ११ हजार वाचले असते.

मुलाचं काय, त्याला रील बनवू द्या. फक्त रोज जायच्या-यायच्या गाडीत त्याला किंवा लहान भाच्यांना बसवा, जिप्सीच्या मागच्या आडव्या बाकावर लेकरं घेऊन हायवेला निघू नका. एअरबॅग नाहीत, मागं नीट पट्टे नाहीत. ही दोघांची गाडी समजा, बाकी जागा खताच्या गोण्यांची. हे ज्यांना चालणार नाही, घरात म्हातारी माणसं आहेत, एसी पाहिजे, रोज ऑफिसला पण न्यायची आहे, अशा वाचकांनी जिप्सीच्या नादी लागू नये, जुनी डस्टर मिळते तिच्यात ऑल व्हील ड्राइव्हची यायची ती शोधावी. छोटा गिअर नाही तिला, पण घरातली गाडी म्हणून सुखाची आहे, आणि ओल्या पांदणीत पुष्कळ जाते. स्कॉर्पिओ, बोलेरो पण फोर बाय फोरमध्ये होत्या, इथल्याच नंबरच्या मिळाल्या तर पाहायला हरकत नाही.

आणि वावरात जा, पांदणीत जा, कोणाच्या उभ्या पिकातून, नदीच्या पात्रातून किंवा जंगलाच्या हद्दीत घालू नका. हे तुम्हाला सांगायची गरज नाही पण हे सदर पोट्टे पण वाचतात.

तर येत्या शनिवारी सकाळी सातला जिप्सीवाल्याकडे. रस्त्यात तर्री पोहे खाऊन घ्या, उपाशी पोटी भाव करू नये. टॉर्च न्या, जुनी चादर न्या, नवऱ्याला चादरीवर झोपवून गाडीखाली घाला, आणि पुढचा शाफ्ट जागेवर आहे का ते मला कळवा.